इफ्तारपूर्वीची पंधरा मिनिटे

रमजानमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजले की घराघरांत सारखेच चित्र दिसते. भज्यांचे पीठ भिजवलेले असते, फळे चिरणे चालू असते आणि घरातली आई एकाच वेळी तीन कामे उरकत असते. ‘अजून किती वेळ आहे?’ असे विचारत लहान मुले पायात घुटमळतात. रोजा असो वा नसो, या वेळेला त्यांच्याकडे करण्यासारखे काही नसते. शेवटी त्यांच्या हाती मोबाइल दिला जातो.

त्याच मुलाच्या दप्तरात तिसरीचे मराठी पुस्तक असते. ‘आम्हाला कुठे तेवढे मराठी येते? शाळेत बाई शिकवतील,’ असे अनेक आया म्हणतात. घरात दखनी बोलली जाते, आई उर्दू शाळेत शिकलेली आणि मूल मराठी शाळेत. मराठीच बोलणाऱ्या घरांतही फार वेगळे नसते. तिथे भाषेची अडचण नसते, वेळेची असते.

हा प्रश्न छोटा नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे ठरवले आहे. घरी घड्याळ लावून बसण्याची काही गरज नाही. पण वाचनात मागे पडलेले मूल पुढे गणितातही मागे दिसते. बेरीज-वजाबाकी त्याला येते. उदाहरणात काय विचारले आहे, ते वाचता येत नाही.

मग ज्या आईला मराठी नीट वाचता येत नाही, तिने काय करायचे? ऐकायचे. ही गोष्ट या घरांना नवी नाही. तरावीहच्या नमाजात इमाम कुरआन तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या मागे उभा असलेला दुसरा हाफिज ते कान देऊन ऐकत असतो. इमाम अडकले किंवा चुकले, तरच तो नेमका शब्द सांगतो. एरवी गप्प राहतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास.

मुलाचे वाचन असेच ऐकावे. शब्दावर अडले, तर मनात पाचपर्यंत मोजावे. बहुतेक वेळा ते स्वतःच पुढे जाते. नाहीच गेले तर तेवढा एक शब्द सांगावा. तो आईलाही येत नसेल, तर खूण करून ठेवावी आणि शेजारच्या काकूंना विचारायला मुलालाच पाठवावे. प्रत्येक चुकीला ‘इतकेही येत नाही?’ म्हणणारा माणूस जवळ नसलेलाच बरा.

काही चुका तर चुकाही नसतात. दखनी बोलणारे मूल ‘काळा’ला ‘काला’ म्हणते, कारण त्याच्या घरात ‘ळ’ नाही. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतला च मराठीत वेगवेगळा उच्चारतात, पण लिहितात सारखाच. मूल दोन्हीकडे एकच च म्हणत असेल, तर ते वाचनात कच्चे आहे असे होत नाही. खरी अडचण जोडाक्षरांची असते. एकटा र बघा: पर्वत, प्रकाश, ट्रक, तऱ्हा. चार शब्दांत त्याची चार रूपे आहेत. एका दिवशी एकच रूप घेतले तरी पुरे.

मकतबमध्ये कायदा शिकताना भर शुद्ध उच्चारावर असतो. अर्थ पुढे कधीतरी येतो. शाळेच्या पुस्तकाला अर्थ त्याच दिवशी लागतो. म्हणून वाचून झाले की ‘यात काय झाले, मला सांग’ एवढे विचारावे. उत्तर दखनीत आले तरी चालेल. गोष्ट कळली का, एवढेच पाहायचे आहे. काही मुले चित्र बघून धडा घडाघडा म्हणतात आणि घरचे खूश होतात. अशा वेळी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असे विचारावे.

पुस्तके विकतच घ्यावी लागतात असे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतल्या चित्रकथा फुकट आहेत. मोबाइल हाती द्यायचाच असेल, तर हे उघडून द्यावे.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक असतेच. ते मराठीत असेल तर उत्तमच. त्यावर वेळांपेक्षा शुभेच्छुकांची नावेच जास्त छापलेली असतात, पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला तीही चालतात. उद्याच्या सेहरीची वेळ आईने विचारावी, मुलाने वार आणि तारीख शोधून मोठ्याने वाचून दाखवावी. शेजारी खजुराचे पाकीट असते, बेसनाची पिशवी असते. ईदनंतर वेळापत्रक उतरते आणि त्या खिळ्यावर पुन्हा कॅलेंडर येते. ते ‘कालनिर्णय’ असेल, तर प्रत्येक महिन्याच्या पानामागेही वाचायला मजकूर असतो.