लाव्हाची जमीन आणि भूगर्भातील आवाज

मराठवाड्याचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या, म्हणजेच बेसाल्ट खडकाच्या थरांनी व्यापलेला असल्यामुळे, भूगर्भातून आवाज येऊ लागले की खाली ज्वालामुखी तर नाही ना, अशी शंका साहजिकच मनात येते. ती निराधार आहे, पण तिचे निरसन ज्वालामुखींजवळ होणाऱ्या भूकंपनोंदींच्या आधारेच उत्तम होते.

ज्वालामुखीखाली शिलारस वर सरकू लागला की खडक तडकून छोटे, ठळक सुरुवातीचे धक्के बसतात आणि शिलारस व वायू भेगांतून वाहताना संथ लयीचे, कधी तासन्‌तास चालणारे कंपनही उमटते. फिलिपाइन्समधील पिनातुबोच्या १५ जून १९९१ च्या महाउद्रेकापूर्वी अशा नोंदींचा आधार घेऊनच हजारो लोकांना वेळेत हलवता आले. मराठवाड्यातले धक्के मात्र ताणाखालच्या जुन्या भेगा सरकल्याने बसतात. १९९३ च्या भूकंपात हादरलेल्या किल्लारीजवळ घेतलेल्या वेधनविवरात बेसाल्ट जेमतेम ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली काही मीटर गाळाचा थर व मग ग्रॅनाइटी खडक लागला. लाव्हा हे येथे केवळ वरचे पांघरूण असून भूकंप त्याच्या कितीतरी खालून येतो.

धक्क्याचे अंतर काढण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. वेगवान प्राथमिक लहर आधी आणि मंद दुय्यम लहर नंतर पोहोचते. दोहोंमधील सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते, आणि किमान तीन केंद्रांवरची अंतरे जुळवली की भूकंपाचे स्थान ठरते. नांदेड शहरात २००६-०७ पासून जी लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तशा प्रसंगी धक्का थेट शहराखालचा असल्यास हा फरक सेकंदभराच्या आसपासच भरतो, त्यामुळे दूरच्या केंद्रावर विसंबून चालत नाही, जवळपास यंत्रे लावावीच लागतात. असे उथळ धक्के जाणवण्याइतके मोठे नसले तरी त्यांच्या जलद लहरी हवेत उतरून ऐकू येतात, आणि ‘गूढ आवाज’ म्हणतात ते बहुधा हेच.

अडचण पुढेच आहे. किल्लारी परिसराला १९९२ मध्ये छोटे धक्के बसले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे दहा हजार बळी घेतले, तेही तो प्रदेश तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात असताना. नांदेडच्या मालिकेनंतर मात्र तसा विनाशकारी भूकंप आला नाही. वर चढणाऱ्या शिलारसाच्या वाटचालीला निदान एक दिशा असते, भेगेवरच्या ताणाला तशी दृश्य वाट नसते, म्हणून धक्के मोजून पुढचा अंदाज बांधणे येथे धाडसाचेच ठरते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसून नांदेडपर्यंत जाणवला, आणि जुलैमध्ये त्याच जिल्ह्यात तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा धक्का नोंदवला गेला.