जुने गायक, नवे गाणे : स्ट्रीमिंगच्या काळात गाणे आपल्यापर्यंत कसे पोहोचते?



स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की आपल्या प्रत्येक शाळेत एक गोष्ट हमखास दिसते. मुलांना विचारा, "कोणतं गाणं घ्यायचं?" पटापट दहा नावं येतात. पण पूर्ण गाणं म्हणायला सांगितलं की पहिल्या दोन ओळींनंतर सगळे गप्प! मुलांना गाण्याचा एक तुकडाच माहीत असतो, जो मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाजतो तो. आणि त्या दहा नावांत एखादं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं गाणंही असतं. आपण चकित होतो, "अरे, हे तुला कुठून माहीत?"

यामागे एक पूर्ण व्यवस्था काम करते. ती समजून घ्यायची असेल तर नव्या गायकांपेक्षा ज्येष्ठ गायकांकडे पाहणे जास्त सोपे जाते. कारण त्यांनी रेडिओ पाहिला, तबकडी पाहिली, कॅसेट पाहिली आणि आता मोबाईलही पाहिला. आजच्या लेखात आपण हेच समजून घेऊ.

पूर्वी गाणे घरी कसे यायचे?

आधी थोडा इतिहास पाहू. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी यांच्या आवाजातल्या या कार्यक्रमात गाण्यांची क्रमवारी सांगितली जायची. १९५७ मध्ये विविध भारती आली. त्या काळी गाणे लोकांपर्यंत न्यायचे म्हणजे मुख्यतः रेडिओवर वाजवायचे. काय वाजणार हे थोडीच माणसं ठरवत.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. कॅसेट स्वस्त होती, एसटी स्टँडवरच्या टपरीतही मिळायची. आनंद शिंदे यांच्यासारखे लोकगायक याच काळात लग्नाच्या मांडवापासून ट्रकच्या केबिनपर्यंत सगळीकडे पोहोचले. नव्वदीत संगीत वाहिन्या आल्या आणि गाणे 'ऐकायचे' होते ते 'पाहायचे' झाले. आपल्या मराठीत २००२ साली 'ऐका दाजीबा' आलं. अवधूत गुप्ते यांचं संगीत आणि वैशाली सामंत यांचा आवाज. टीव्हीवरचा व्हिडिओ गाजला आणि मराठी पॉप हा शब्द खेड्यापाड्यात गेला.

यातला समान धागा लक्षात घ्या. प्रत्येक काळात गाण्याला आत येण्यासाठी एक दार होतं आणि त्या दारावर कुणीतरी बसलेलं होतं. कधी रेडिओचा अधिकारी, कधी कॅसेट कंपनीचा मालक, तर कधी वाहिनीचा निर्माता.

आता नेमकं काय बदललं?

आता दार जवळजवळ सताड उघडं आहे. कोणीही गाणं टाकू शकतो. पण म्हणूनच गर्दी झाली. २०२२ मध्ये संगीत उद्योगातल्याच मोठ्या लोकांनी सांगितलं होतं की जगभरात रोज सुमारे १ लाख नवी गाणी इंटरनेटवर चढतात. आपल्या वरूडच्या भाषेत सांगायचं तर संत्र्याचा आंबिया बहार एकाच दिवशी सगळ्या बागांतून तुटून मंडीत आल्यासारखं आहे. माल चांगला असला तरी व्यापाऱ्याची नजर आपल्या ढिगावर पडायला तर पाहिजे ना!

ही नजर कशी पडते, त्याचे काही नियम आहेत :

१) स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते एक 'स्ट्रीम' म्हणून मोजले जाते. म्हणून आजकालच्या गाण्यांत लांबलचक सुरावट कमी झाली आहे, मुखडा लवकर येतो.

२) एखादे गाणे सुरुवातीच्या दिवसांत किती जणांनी पूर्ण ऐकले, जपून ठेवले, मित्राला पाठवले, या खुणा अॅप टिपत असते. त्यावरून ते गाणे आणखी कुणाला सुचवायचे हे ठरते.

३) २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे. त्यामुळे त्या दिवशी स्पर्धा सर्वात जास्त असते.

४) रील्स. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले. मोजसारखी देशी अॅपही तेव्हाच आली. गाण्याचा १५-३० सेकंदांचा तुकडा हीच आता त्याची जाहिरात झाली आहे.

जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' हे २०२४ चं गाणं आठवा. आपल्या वर्गातल्या पोट्ट्यांनी ते आधी रीलमध्येच ऐकलं.

मग ज्येष्ठ कलाकार काय करतात?

ज्येष्ठ गायकाची अडचण सोपी आहे. त्याचा जुना श्रोता रेडिओ आणि टीव्हीसमोर, फार तर कारवाँसारख्या यंत्रासमोर बसलेला असतो. (सारेगामाने २०१७ मध्ये ५००० जुनी गाणी आधीच भरलेलं हे यंत्र काढलं. आपल्यापैकी अनेकांनी ते आई-वडिलांना भेट दिलं असेल.) हा श्रोता नवं गाणं शोधायला अॅपवर जात नाही. आणि जो तरुण अॅपवर आहे, त्याला त्या गायकाचं जुनं गाणं माहीत असतं, नवं आलंय हे माहीत नसतं. म्हणून काही ठरावीक मार्ग वापरले जातात.

*पहिला मार्ग : तारीख आणि गोष्ट.* २८ सप्टेंबर २०२१, लतादीदींचा ९२ वा वाढदिवस. त्या दिवशी विशाल भारद्वाज आणि गुलजार यांनी 'ठीक नहीं लगता' हे त्यांचं गाणं प्रसिद्ध केलं. ते सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झालं होतं. चित्रपट झालाच नाही, गाणं पडून राहिलं आणि पुढे ते पुन्हा सापडलं. आता पाहा, यात किती गोष्टी एकत्र आल्या : वाढदिवस, हरवलेली टेप आणि लोकांच्या मनातली माया. बातमी आपोआप झाली. शिवाय हे गाणं मोज या छोट्या व्हिडिओंच्या अॅपसोबत आणलं गेलं. नव्वदीतला आवाज आणि २०२१ चं अॅप!

*दुसरा मार्ग : तरुणांशी जोडी.* यात आशाताईंचं उदाहरण सर्वात मोठं आहे. १९९६ मध्ये 'राहुल अँड आय'मध्ये लेस्ली लुईस यांनी आर. डी. बर्मन यांची जुनी गाणी नव्या ढंगात मांडली, ती आशाताईंच्याच आवाजात. पुढच्याच वर्षी 'जानम समझा करो' आलं. २००६ मध्ये तर त्यांनी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज ब्रेट ली याच्यासोबत गाणं केलं, तेही चॅम्पियन्स ट्रॉफी भारतात सुरू असताना. म्हणजे 'कोलॅब' हा शब्द मुलांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी त्या तेच करत होत्या. ब्रिटनमध्ये एल्टन जॉन यांनी ७४ व्या वर्षी, २०२१ मध्ये, तरुण गायिका दुआ लिपासोबत 'कोल्ड हार्ट' केलं. त्यात त्यांच्याच जुन्या गाण्यांचे तुकडे नव्या ठेक्यावर जोडले होते. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जोडी केली की दोघांचेही श्रोते एकमेकांकडे येतात, आणि अॅपसुद्धा दोघांच्याही चाहत्यांना ते गाणं सुचवतं.

*तिसरा मार्ग : व्हायरल होणारा क्षण.* डिसेंबर २०२४ मध्ये दुबईच्या कार्यक्रमात ९१ वर्षांच्या आशाताईंनी करण औजलाचं 'तौबा तौबा' गायलं आणि त्यातली गाजलेली स्टेपही केली. गाणं त्यांचं नव्हतं. पण ती छोटी क्लिप घराघरांत फिरली. अनेक मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "या आजी कोण?" प्रसिद्धीच्या भाषेत या प्रश्नाची किंमत फार मोठी आहे. कारण त्यानंतर मूल नाव शोधतं आणि जुन्या गाण्यांपर्यंत जातं.

*चौथा मार्ग : उत्सुकता ताणणे.* २०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात काच दुरुस्तीच्या दुकानाची जाहिरात आली. लोकांनी नीट वाचली तर ती रोलिंग स्टोन्सच्या नव्या अल्बमची सूचना निघाली! ६ सप्टेंबरला त्याच भागातल्या नाट्यगृहातून थेट प्रक्षेपण झालं आणि 'अँग्री' हे गाणं बाहेर आलं. मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचे होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. जॉन लेनन यांच्या घरगुती टेपवरचा आवाज संगणकाच्या मदतीने वेगळा काढला होता. आदल्या दिवशी १२ मिनिटांचा माहितीपट दाखवला, नंतर गाणं आणि त्यानंतर व्हिडिओ. म्हणजे तीन दिवस रोज नवं काहीतरी. ब्रिटनमध्ये ५४ वर्षांनी ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.

*पाचवा मार्ग : स्वतःचं घर बांधणे.* म्हणजे स्वतःचं चॅनल. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, आशाताईंनी यूट्यूबवर स्वतःचं चॅनल सुरू केलं. लतादीदी ट्विटरवर जुन्या सहकाऱ्यांच्या जयंती-पुण्यतिथीला आठवणी लिहायच्या. यामुळे नवं काही आलं की सांगायला आपली माणसं आधीच जमलेली असतात, कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आणि जुन्या गाण्यांची ताकद किती? गिनीज बुकाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये यूट्यूबवर जगात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या कलाकार अलका याग्निक होत्या. तब्बल १५.३ अब्ज स्ट्रीम्स! त्यांची बहुतेक गाजलेली गाणी नव्वदीतली. जुन्या बागेला नाव असतं तसंच हे आहे. नव्या मालाकडे व्यापारी त्या नावामुळे वळून पाहतो.

पैसा कुणाला मिळतो?

हा प्रश्न मोठी मुलं हमखास विचारतात, म्हणून थोडं स्पष्ट करते. स्पॉटिफायसारखी सेवा दर स्ट्रीमला ठरलेली रक्कम देत नाही. जमा झालेल्या पैशातला एक हिस्सा बाजूला काढून तो कुणाचं किती ऐकलं गेलं या प्रमाणात वाटला जातो. तो आधी ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे, बहुधा कंपनीकडे जातो आणि मग करारानुसार पुढे. २०२४ पासून तिथे एक अटही आली : मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नसतील तर त्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत.

आपल्या देशात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यामुळे सुरक्षित झाला, गायकांच्या हक्कांनाही बळ मिळालं. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. लतादीदींनी साठच्या दशकातच रॉयल्टीचा आग्रह धरला होता आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचा अबोलाही झाला होता. म्हणजे हा लढा फार जुना आहे.

पालकांनी इकडे लक्ष द्यावे

आता मला खरं तर ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. आपल्या भागात गाणाऱ्या मुलांची कमी नाही. भजनी मंडळं आहेत, भीमगीतं गाणारी घरं आहेत. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे मराठी गझलेत केवढे मोठे झाले हे आपण जाणतोच. अशा वेळी एखाद्या पालकाला फोन येतो, "तुमच्या मुलीचं गाणं रिलीज करून देतो, लाखभर व्ह्यूज देतो, एवढे हजार भरा." असे फोन आल्याचं पालक मला सांगतात.

वर पाहिलेले पाचही मार्ग पुन्हा वाचा. त्यात विकत घेतलेले व्ह्यूज कुठे आहेत? ज्येष्ठ कलाकारांची प्रसिद्धी चालते, कारण तिच्यामागे पन्नास-साठ वर्षांची मेहनत आणि लोकांची ओळख असते. प्रसिद्धीनं फक्त आठवण करून दिली. खोटे व्ह्यूज अॅप ओळखून काढून टाकते, कधी गाणंच काढून टाकते. पैसे भरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, आणि मुलाला मात्र वाटतं की आपण कमी पडलो. गाणं टाकायचंच असेल तर स्वतःच्या चॅनलवर टाका, त्याला पैसे लागत नाहीत. करार असेल तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : "या ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे राहणार?" आणि त्यापेक्षाही आधी, मुलाला चांगल्या गुरूकडे पाठवा.

वर्गात काय घेता येईल?

इयत्ता चौथी-पाचवीपासून हे सहज जमतं :

• मुलांना आवडतं एक गाणं पूर्ण ऐकवा. रीलमधला तुकडा गाण्यात कितव्या सेकंदाला येतो ते घड्याळात पाहायला सांगा. वेळेचं गणितही होतं.

• त्या गाण्याचे गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावं शोधून वहीत लिहायला सांगा. बहुतेकांना एकही माहीत नसतं.

• घरी आजी-आजोबांना विचारून या : "तुम्ही नवीन गाणं पहिल्यांदा कुठे ऐकायचे?" मिळालेल्या उत्तरांचा तक्ता करा. रेडिओ, टुरिंग टॉकीज, लग्नाचा बँड, कॅसेट... परिसर अभ्यासाचा छान पाठ तयार होतो.

• शेवटी एक चर्चा : "हे गाणं मी निवडलं, की मला दाखवलं गेलं?" उत्तर बरोबर-चूक नसतं. पण हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की मूल जाहिरात ओळखायला लागतं, मग ती गाण्याची असो, बिस्किटाची असो की आणखी कशाची.

रीलला सरसकट नावं ठेवून उपयोग नाही. त्याच तुकड्यामुळे मूल आशाताईंपर्यंत पोहोचतं. तिथून पूर्ण गाण्यापर्यंत त्याला नेणं हे आपलं, शिक्षक-पालकांचं काम. या स्नेहसंमेलनात निदान एक गाणं तरी मुलांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ करायला लावू या. आपल्या शाळेतले अनुभव जरूर कळवा.