रेंजफाइंडर कॅमेऱ्याची रचना : परंपरा आणि व्यवहार्यता

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून वस्तूवर भिंग केंद्रित केले जाते. जर्मनीतील लायकाच्या एम-३ (१९५४) या कॅमेऱ्याने या प्रकाराचा आदर्श घालून दिला. त्यात फिल्म खालून भरली जात असल्याने तळपट्टी सुटी असणे आवश्यक होते. एम-८ (२००६) या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म उरली नाही. तळपट्टी मात्र राहिली. परिणामी, केवळ कार्ड बदलण्यासाठीही कॅमेरा तिवईवरून उतरवावा लागे. ही गैरसोय एम-११ (२०२२) मध्ये तळपट्टी वगळल्याने दूर झाली.

याउलट, १९५४ मधील भिंगजोड आजही कायम आहे. त्यामुळे अनेक दशकांपूर्वीची बहुतेक भिंगे नव्या कॅमेऱ्यावर चालतात. येथे परंपरा हीच व्यवहार्यता ठरते.

एम ईव्ही-१ (२०२५) मध्ये तर रेंजफाइंडरऐवजी इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शक आला. भिंग केंद्रित करणे त्यामुळे अनेकांना सोपे होईल. परंतु ज्या यंत्रणेवरून हा प्रकार ओळखला जातो, तीच त्यात नाही. म्हणून परंपरेचे मूल्य तिच्या वयावरून नव्हे, तर ती आज करीत असलेल्या कार्यावरून ठरविणे उचित होय. तळपट्टी हा अवशेष होता. रेंजफाइंडर हा या प्रकाराचा गाभा आहे.