बेंजामिन बटलर : ‘पशू’ ठरवलेला वकील

अमेरिकेच्या दक्षिणेत जनरल बेंजामिन बटलरला ‘पशू’ म्हणत. न्यू हॅम्पशायरमध्ये १८१८ साली जन्मलेला बटलर लोवेल या कापडगिरण्यांच्या गावात वाढला. तिथे त्याची विधवा आई गिरणीकामगारांसाठी खाणावळवजा वसतिगृह चालवी. १८४० मध्ये तो वकील झाला, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात मेजर जनरल, नंतर खासदार आणि १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. त्याच्याविषयीच्या दंतकथा शत्रूंनी रचल्या, तशा काही चाहत्यांनीही.

चाहते म्हणतात, तो पहिल्यापासून गुलामगिरीचा विरोधक होता. तसे मुळीच नाही. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्याने पन्नासहून अधिक फेऱ्यांत जेफरसन डेव्हिसला मत दिले, आणि हाच डेव्हिस वर्षभरात बंडखोर राज्यांचा अध्यक्ष झाला. युद्धाच्या सुरुवातीला तर गुलामांनी उठाव केल्यास तो मोडायला आपले सैनिक देतो, असे बटलरने मेरीलँडच्या गव्हर्नरला कळवले होते.

दुसरा समज, फोर्ट मन्रोमध्ये त्याने गुलामांना मुक्त केले. इथे खरी हकिगत दंतकथेपेक्षा कितीतरी मोलाची आहे. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीने व्हर्जिनियातल्या या किल्ल्यावर आले. बंडखोर सैन्याने त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक मेजर आला आणि पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्यावर त्याने बोट ठेवले. बटलरमधला वकील जागा झाला. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा कायदा तिच्यासाठी का पाळायचा? आणि हे तिघे तुमची मालमत्ता असतील, तर शत्रूच्या युद्धकामी लागणारी मालमत्ता जप्त करण्याचा हक्क मला आहे. ज्या कायद्याने माणसाला वस्तू ठरवले, त्याच कायद्याने त्याने मालकाची वाट अडवली. पण कागदोपत्री ते तिघे मुक्त झाले नाहीत. जप्त मालच राहिले. पहिले पाऊलही बटलरचे नव्हते. जीव धोक्यात घालून होडीत बसले ते तिघे. त्यांच्यामागून काही दिवसांत शेकडो लोक किल्ल्याकडे आले आणि ऑगस्टमध्ये काँग्रेसने अशा जप्तीला कायद्याचा आधार दिला.

न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच्या कारभाराबद्दलच सर्वांत जास्त विपर्यास झाला. मे १८६२ मध्ये शहराचा ताबा बटलरकडे आल्यावर तिथल्या काही स्त्रिया सैनिकांवर थुंकत, त्यांचा अपमान करत. बटलरने हुकूम काढला की अशी स्त्री धंदा करणारी बाई समजली जाईल. सैनिकांना बलात्काराची मुभा मिळाली, असा त्याचा अर्थ पसरवला गेला आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्येही संताप उसळला. बटलरचे स्पष्टीकरण असे की, स्थानिक नियमानुसार अशा बाईला अटक होई, तीच कारवाई त्याला अभिप्रेत होती. हुकमाची भाषा हीन होती, तिचे समर्थन मी करणार नाही. पण अत्याचाराचा परवाना तो नव्हता. चांदीचे चमचे चोरल्याचा आरोपही कधी सिद्ध झाला नाही, मात्र त्याचा भाऊ अँड्र्यू याने तिथल्या व्यापारात बख्खळ पैसा केला, हे खरे. त्याच शहरात बटलरने रस्ते-गटारे साफ करवली, जहाजांवर विलगीकरण सक्तीचे केले, आणि पीतज्वराने वारंवार हजारो बळी घेणाऱ्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८६२ च्या उन्हाळ्यात साथ आली नाही.

सेनापती म्हणून तो कच्चा होता, यात मात्र गैरसमज काहीच नाही. १८६४ मध्ये बर्म्युडा हंड्रेड आणि फोर्ट फिशर या दोन्ही मोहिमा त्याने वाया घालवल्या. पण त्याच वर्षी न्यू मार्केट हाइट्सवर त्याच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय पलटणी इतक्या शौर्याने लढल्या की त्यांच्यासाठी त्याने पदरच्या पैशाने पदके घडवून घेतली.

कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीविरोधातला १८७१ चा कायदा ‘बटलरचा’ म्हणून सांगितला जातो, तेही अर्धेच खरे. बटलरचा मसुदा सभागृहात तगला नाही. मंजूर झालेले विधेयक ओहायोच्या सॅम्युअल शेलाबार्गरने मांडले. पोलिसांनी नागरी हक्क पायदळी तुडवले, तर अमेरिकी नागरिक आजही त्याच कायद्यातल्या एका कलमाखाली दावा लावतात.