शाळेतील संगणक आणि कचेरीतील कामकाज

सप्तशृंगगडाच्या परिसरात वसलेल्या वणीतील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास, ज्याच्या घरी 2021 पासून सातबाऱ्यावरील पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर खुद्द शेतकऱ्यानेच करावयाची सोय झाली आहे, संगणकाचे व्यावहारिक शिक्षण मिळणे अत्यंत अगत्याचे आहे. 2001 पासून चालत आलेल्या एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाची सनद यथावकाश मिळेलच; तत्पूर्वी त्याने द्राक्षांच्या क्रेटांचा हिशेब तक्त्यात मांडावा, आणि रकान्यात ‘40 किलो’ असे अक्षरांसह लिहिल्यास यंत्र त्यास संख्या न मानता बेरजेतून वगळते, हे स्वतः पाहावे. टंकलेखनाच्या वेगाहून ही शिस्त मला मोलाची वाटते. कचेरीत द्यावयाचा मराठी अर्ज मात्र युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट नसलेल्या कचेरीत, निरर्थक चिन्हे होऊन उमटतो.