अंगणवाडीच्या ताईंना वेळ कुठे आहे?

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघर जाऊन मुले गोळा करायची, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि दुपारी मुले घरी पोचवायची, हे तिचे काम. गावात अंगणवाडीला सर्रास 'खिचडीची शाळा' म्हणतात. आईला या शब्दांचा राग येतो. मला त्यात काही वावगे वाटत नसे. परंतु कॉलेजच्या सुट्टीत आठ दिवस मी तिच्याबरोबर जाऊन बसले आणि या नावामागे काय दडले आहे, ते थोडेफार कळले.

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने मानली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी हे सारे तेथे शिक्षणच होते. संगोपन वेगळे आणि शिक्षण वेगळे, अशी भिंत त्यांनी घातली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. हे कमी महत्त्वाचे नाही. उपाशी मुलाला गोष्ट ऐकू येत नाही. पण सहा सेवा आणि माणसे दोनच, एक सेविका व एक मदतनीस. शिवाय तान्ही बाळे, गरोदर व स्तनदा माता यांचीही नोंद त्यांच्याकडेच. मग सहावी सेवा मागे पडते. आहार दिला नाही तर ओरड होते, गोष्ट सांगितली नाही तर कोणाला कळतही नाही.

एके दिवशी मी घड्याळ समोर ठेवून बसले. चार तासांत ताई मुलांत बसून बोलल्या, तो वेळ २५ मिनिटांहून अधिक भरला नाही. त्या कामचुकार मुळीच नाहीत. वजने घेणे, रजिस्टर भरणे, मग तीच माहिती मोबाइलवर भरणे (२०२१ पासून पोषण ट्रॅकर आला आहे), मध्येच एखादी माता बाळाला घेऊन दारात. रेंज नसली की ताई मोबाइल उंच धरून अंगणात उभ्या आणि मुले आत फळ्याकडे पाहत 'अ अननसाचा' ओरडत असलेली!

आता पालकांचेही ऐका. शेजारच्या मोठ्या गावात इंग्रजी बालवर्ग निघाला आहे. तेथे तीन वर्षांची मुले वह्या भरून आणतात. म्हणून आमचे पालक ताईंना विचारतात, "आमचा पोरगा लिहीत का नाही?" त्या वयात बोटांचे स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार झालेले नसतात. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे यांतून ते तयार होतात. चिंचोके आणि गजगे वेगळे करताना मूल वर्गीकरण शिकते, आणि गणिताचा पाया तोच. गोष्ट ऐकून 'पुढे काय झालं?' असे विचारणारे मूल भाषा शिकत असते. पण हे वहीत दिसत नाही. गरीब बापाने पोटाला चिमटा काढून फी भरावी आणि मुलाने नुसती घोकंपट्टी करावी, हे पाहून वाईट वाटते. माझ्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे त्या बापाची घाई मला समजते, तरी पटत नाही.

कायदाही या वयाजवळ येऊन थबकतो. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, हे योग्यच झाले. पण तो पाया घालणारीला आपण पगार नव्हे, 'मानधन' देतो. सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले.

माझ्या मते खोलीला रंग देणे, भिंतीवर ससे काढणे हे नंतरचे. आधी नोंदींचे काम दुसऱ्या माणसाकडे द्यावे, निदान दोन तास ताई मुलांच्याच असाव्यात. तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिकांनी रजिस्टरबरोबर एखादी गोष्टही ऐकावी. आणि प्रशिक्षण मदतनीसांनाही द्यावे, कारण मुलांजवळ जास्त वेळ त्याच असतात.

माझी आई सातवी शिकलेली. त्या आठवड्यात खिचडीचे तांदूळ निवडताना तिने चार मुले जवळ बसवली होती. "खडा कुठला, तांदूळ कुठला, सांगा बघू!" मुले शोधत होती, खडे मोजत होती, त्यांवरून भांडतही होती. ताई दारातून पाहत होत्या. "याला रजिस्टरात रकाना नाही हो," असे हसत म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइल घेऊन अंगणात गेल्या.