पाचारण आणि पगार

पाळक व्हायला निघालेल्या तरुणांशी बोलायला मला निवृत्तीनंतरही बोलावतात. देवानं पाचारण केलं, असं प्रत्येक जण सांगतो. मी विचारतो, "घरचे काय म्हणाले?" कारण पाळकाच्या घरी रात्री-अपरात्री दार वाजतं. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणी दारू पिऊन बायकोला मारलेलं असतं. आपण चप्पल घालून निघतो. मागं ताटावर घरचे थांबलेले असतात.

म्हणूनच आमच्याकडे नुसत्या सांगण्यावर दीक्षा मिळत नाही. आधी स्वतःच्या मंडळीनं माणूस ओळखायचा, मग सेमिनरी, मग जुन्या पाळकाच्या हाताखाली काम. आतली हाक खरी की राहत्या बंगल्याची ओढ, हे त्या काळात बरंचसं उमगतं.

पण सच्चेपणाची परीक्षा दीक्षेनंतरही संपत नाही, हे मला कवी नारायण वामन टिळकांनी शिकवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन ती बाई नातलगांच्या आधारानं राहिली. पुढं नवऱ्याकडे परतली, तरी सोवळं तिनं लगेच सोडलं नाही; 1900 साली स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. तिचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना टिळकांवर माझा जीव आहे तसा रागही येतो. हाक त्यांना आली, होरपळली ती.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांचं सगळं बस्तान बसलं होतं. 'ज्ञानोदय' नियतकालिकातलं लेखन होतं, त्यांची भजनं मंडळ्यांच्या तोंडी होती. तरी परदेशी मिशनचा पगार घेऊन आपल्या माणसांना ख्रिस्त सांगायचा, हे त्यांना टोचत राहिलं. 1917 साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथं जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो.

प्रत्येक पाळकानं पगार सोडावा, असं मी म्हणणार नाही. त्यालाही मुलांच्या फिया भरायच्या असतात. पण पगार थांबला तर आपल्या घरभेटीही थांबतील का, हे त्यानं अधूनमधून स्वतःला विचारावं. मी विचारत असे, आणि उत्तर देणं जड जाई.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. दरबार फार काळ टिकला नाही. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले अध्याय लिहिले.